बोरीबंदरचा मालक ते गोरक्षणाचा प्रचारक : रामकृष्ण दालमिया प्रकरणाची पार्श्वभूमी

१९ जानेवारी १९५६. मुंबई केंद्रशासित होणार, ही घोषणा होऊन तीन दिवस झाले होते. गिरणगाव पेटले होते, गोळीबारात माणसे मरत होती. त्याच दिवशी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून देशाला सांगितले, की आयुर्विम्याचा सगळा धंदा सरकारने वटहुकूम काढून ताब्यात घेतला आहे. मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा द्यायचे देशमुखांच्या मनात तेव्हा पक्के होत आले होते, आणि जुलैत ते बाहेरही पडले. म्हणून मराठी माणसाच्या आठवणीत तो आठवडा संयुक्त महाराष्ट्राचा आहे, आणि तसाच तो असावा. पण विम्याच्या वटहुकुमामागे जे प्रकरण ताजे होते, त्याचे धागेदोरेही मुंबईतच होते. पैसा इथल्या बँकेच्या खात्यातून निघाला आणि इथल्याच शेअरबाजारात बुडाला. ज्यांच्या सट्ट्यात तो बुडाला ते रामकृष्ण दालमिया काही महिन्यांपूर्वीपर्यंत बोरीबंदरसमोरच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे मालक होते.

दालमियांचे नाव आज दोन वेगळ्या गोष्टींत निघते. एकीकडे गोहत्याबंदी आणि ‘एक जग, एक सरकार’ यांचा ध्यास घेतलेला, पुस्तके-पत्रके लिहिणारा, नेहरूंना उघड विरोध करणारा माणूस. दुसरीकडे विम्याच्या पैशाचा अपहार करून तिहारला गेलेला उद्योगपती. त्यांना मानणारे म्हणतात, पहिल्याची शिक्षा दुसऱ्याच्या नावाने झाली. हे तपासायचे असेल तर भाषणे बाजूला ठेवून चेकबुकाकडे बघावे लागते.

त्यांचा जन्म १८९३ मध्ये राजस्थानातल्या चिडावा गावी झाला. घरची गरिबी होती. तरुणपणी कोलकात्यात ते चांदीच्या सट्ट्यात उतरले, कर्जबाजारी झाले आणि चांदीनेच त्यांना वर काढले. ही गोष्ट पुढे त्यांनी स्वतः आठवणींत लिहिली. ती महत्त्वाची यासाठी, की सट्टा हा त्यांच्या लेखी व्यवसायाचा मूळ भाग होता. साखर, कागद, सिमेंट हे सगळे नंतर आले. १९३३ च्या सुमारास सोन नदीकाठी रोहतास इंडस्ट्रीज उभी राहिली आणि तिच्याभोवती दालमियानगर वसले. मुंबईशी पहिली टक्कर सिमेंटमध्ये झाली. एफ. ई. दिनशा यांच्या प्रयत्नांतून १९३६ मध्ये इथल्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी (असोसिएटेड सिमेंट कंपनीज) झाली, आणि लगेचच दालमियांनी स्वतःचे कारखाने काढून भाव पाडले. ती झुंज अखेर विक्रीच्या करारावर मिटली. भाऊ जयदयाल आणि जावई साहू शांतिप्रसाद जैन यांच्यासह हा समूह दालमिया-जैन म्हणून ओळखला जाऊ लागला.

या समूहाकडे एक बँक आणि एक विमा कंपनी होती, भारत बँक आणि भारत इन्शुरन्स. पुढचे सगळे इथून सुरू होते. भारत इन्शुरन्स ही १८९६ साली लाहोरात लाला हरकिशनलाल यांनी स्वदेशीच्या भावनेतून काढलेली जुनी कंपनी. विमा कंपनीचा पैसा हा मालकाचा पैसा नसतो. वीस-पंचवीस वर्षे हप्ते भरणाऱ्या कारकुनाचा, शिक्षकाचा तो पैसा असतो. मुदत पूर्ण होईपर्यंत किंवा घरातला कर्ता जाईपर्यंत कोणी तो मागायला येत नाही. न मागितला जाणारा एवढा मोठा पैसा हाताशी असणे, हाच या धंद्यातला मोह आहे.

१९४६ मध्ये दालमियांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ काढणारी बेनेट, कोलमन आणि कंपनी ब्रिटिश मालकांकडून घेतली. किंमत सुमारे दोन कोटी रुपये सांगितली जाते. देश स्वतंत्र होत होता, इंग्रज मालक विकून निघत होते, आणि मुंबईतले सर्वांत वजनदार इंग्रजी वर्तमानपत्र एका सटोडियाच्या हाती आले. या खरेदीत त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या बँकेचा आणि विमा कंपनीचा पैसा फिरवला गेला, असे नंतरच्या चौकशीत आले. माधवजी धरमसी आणि सर शापूरजी भरुचा या मुंबईच्या दोन गिरण्याही त्याच काळात समूहाकडे आल्या. युद्धानंतर गिरण्यांच्या तिजोरीत रोकड साठलेली होती, आणि ती रोकड पाहून गिरणी घेणारे बरेच होते.

राजकीय खटाटोपही याच वर्षांतला. जिनांशी त्यांची जुनी ओळख होती. फाळणीच्या वेळी जिनांचे दिल्लीतले औरंगजेब रोडवरचे १० नंबरचे घर त्यांनी विकत घेतले आणि गोहत्याविरोधी चळवळीसाठी वापरले. पुढे ते घर नेदरलँड्सच्या राजदूतांचे निवासस्थान झाले. हिंदू कोड बिलाला त्यांचा कडवा विरोध होता. जगाचे एकच सरकार असावे, म्हणजे युद्धे संपतील, असे ते सांगत. गोहत्या थांबेपर्यंत अन्नधान्य न खाण्याचे व्रत त्यांनी घेतले होते, आणि यात ढोंग होते असे मानायला जागा नाही. मात्र त्यांचे हे राजकारण कोणत्याही मोठ्या पक्षात रुजले नाही. मराठी मुलखात तर या प्रश्नावर स्वतःचा जुना वाद होता. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे सावरकरांनी बजावले होते, तर गोहत्याबंदीसाठी विनोबा शेवटपर्यंत झटले. दालमियांचा आवाज या दोन्हींपासून लांब, बऱ्यापैकी एकटा होता. तो ऐकू येत होता याचे मोठे कारण पैसा आणि वर्तमानपत्र.

आता विम्याच्या पैशाचे काय झाले ते. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम २७ नुसार आयुर्विमा कंपनीला देण्यापोटी राखलेल्या रकमेपैकी किमान २५ टक्के सरकारी रोख्यांत आणि आणखी किमान २५ टक्के सरकारी किंवा मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावे लागत. म्हणजे कंपनीने रोखे घेणे-विकणे ही रोजची, संशय न येणारी बाब होती. तीच आड म्हणून वापरली गेली.

भारत इन्शुरन्सची कचेरी दिल्लीत, पण रोख्यांचे व्यवहार मुंबईत. त्यासाठी मुंबईच्या चार्टर्ड बँकेत खाते. खात्यावर दोन सह्या लागत, एक दिल्लीतल्या अधिकाऱ्याची, दुसरी मुंबईतल्या प्रतिनिधीची. नियम चांगला होता. प्रत्यक्षात दिल्लीचा अधिकारी कोऱ्या चेकांवर आधीच सह्या करून ते मुंबईला पाठवायचा. दोन सह्यांची अट तिथेच संपली. रक्कम आणि नाव भरणारा एकटा मुंबईचा प्रतिनिधी उरला.

दुसरीकडे दालमियांची भारत युनियन एजन्सीज ही खाजगी कंपनी मुंबईच्या बाजारात शेअरांचे वायद्याचे सौदे करत होती. वायद्यात पूर्ण पैसे टाकावे लागत नाहीत, भावातला फरक तेवढा चुकवावा लागतो. पण तो वलणाच्या दिवशी, म्हणजे हिशेब मिटवायच्या ठरलेल्या दिवशी, रोख चुकवावा लागतो. तेजीत, म्हणजे भाव चढतील या आशेवर, बसलेल्या माणसाला भाव पडल्यावर दोनच वाटा: तोटा मान्य करून सौदा कापायचा, नाहीतर पैसे भरून पुढच्या वलणापर्यंत ओढायचा. दालमियांच्या कंपनीने ऑगस्ट १९५४ पासून वर्षभर ओढले. भरायला लागणारे पैसे विमा कंपनीच्या खात्यातून आले.

वाट अशी होती. विमा कंपनीचा चेक एका व्यापारी पेढीच्या नावे निघे. पेढी मुंबईच्या प्रतिनिधीच्या पुतण्याची. तिथून रक्कम सट्ट्याच्या तोट्यापोटी जाई. विमा कंपनीच्या वहीत मात्र नोंद होई, की अमुक सरकारी रोखे विकत घेतले. वही जुळते, बेरीज जुळते, कलम २७ चे प्रमाणही कागदावर जुळते. फक्त रोखे नसतात.

असा बनाव कुठे उघडा पडतो तेही पाहण्यासारखे आहे. सरकारी रोखा ही नोंद नव्हे, वस्तू आहे. त्याला क्रमांक असतो, तो तिजोरीत असतो किंवा रिझर्व्ह बँकेच्या नोंदवहीत कंपनीच्या नावे असतो. त्यावर सहामाही व्याज येते. रोखा नसेल तर व्याजही येत नाही, आणि ते दुसरीकडून आणून भरावे लागते. वर्षअखेरीला हिशेब तपासनीस मोजायला बसतो, तेव्हा तेवढ्यापुरते रोखे उभे करावे लागतात, नाहीतर ‘विकले’ असे दाखवून नवी खोटी खरेदी करावी लागते. प्रत्येक वळणावर खोटी नोंद झाकायला आणखी एक खोटी नोंद. भाव वर गेले असते तर कदाचित सगळे परत भरून टाकता आले असते, आणि कोणाला कळलेही नसते. भाव वर गेले नाहीत.

१९५५ मध्ये सरकारने विमा कायद्याच्या कलम ३३ खाली एका सनदी लेखापालाची तपासणीसाठी नेमणूक केली. मुद्दा साधा होता: रोखे समोर ठेवा. २० सप्टेंबर १९५५ रोजी दालमियांनी त्याच्याकडे लेखी कबुली दिली, की सुमारे २ कोटी २० लाखांचे रोखे आपण अपहृत केले, ते सट्ट्यात गेले आणि विमेदारांसाठी ती रक्कम आपण भरून देऊ. त्याच वर्षी बेनेट, कोलमन जावई शांतिप्रसाद जैन यांच्याकडे गेली. ६ डिसेंबरला फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण तपशिलाने मांडले. सहा आठवड्यांनी वटहुकूम आला.

दालमियांमुळेच विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले असे मात्र कोणी म्हणू नये. त्याआधीच्या दहा वर्षांत २५ विमा कंपन्या बुडाल्या होत्या, आणि राष्ट्रीयीकरणाची तयारी गुप्तपणे आधीच चालू होती. या प्रकरणाने राष्ट्रीयीकरणाच्या विरोधकांच्या तोंडचे उत्तर काढून घेतले, एवढे नक्की. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा २४५ संस्था मिळून १ सप्टेंबर १९५६ रोजी एलआयसी सुरू झाली आणि तिचे मुख्य कार्यालय मुंबईत आले. पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी देणारे एलआयसी कायद्याचे कलम ३७ हे या अनुभवातूनच समजून घ्यावे लागते. नुसती मालकी बदलून रोग गेला नाही, हेही तितकेच खरे. १९५७ मध्ये एलआयसीने हरिदास मुंधरा या सटोडिया उद्योगपतीच्या समूहाचे सुमारे १ कोटी २४ लाखांचे शेअर घेतले, आणि न्या. छागलांची ती गाजलेली चौकशी मुंबईतच झाली.

तर, विचारांची शिक्षा झाली का? हा मुद्दा दालमियांनी स्वतः न्यायालयात नेला. डिसेंबर १९५६ मध्ये सरकारने समूहाच्या नऊ कंपन्यांच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एस. आर. तेंडोलकर यांचा आयोग नेमला. दोन्ही मुंबईकर गिरण्या त्या नऊंत होत्या. दालमिया म्हणाले, असे व्यवहार इतरही करतात, मग समानतेचा हक्क डावलून मलाच का निवडले? प्रश्न गंभीर होता आणि न्यायालयाने तो गंभीरपणेच घेतला. २८ मार्च १९५८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एका माणसाचाही वेगळा वर्ग होऊ शकतो, मात्र वेगळेपणाला समजण्याजोगा आधार हवा आणि त्याचा कायद्याच्या हेतूशी संबंध हवा. आयोग फक्त वस्तुस्थिती शोधतो, शिक्षा देत नाही. शिक्षेबाबत शिफारशी करण्याचा आदेशातला भाग न्यायालयाने काढूनही टाकला. सरकारचे अंधपणे मानले गेले, असे म्हणता येणार नाही. तेंडोलकरांच्या निधनानंतर काम न्या. व्हिव्हियन बोस यांच्याकडे गेले. त्यांचा अहवाल १९६२ मध्ये आला. पुढच्याच वर्षी कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन गैरव्यवहार करणाऱ्या व्यवस्थापकांना दूर करण्याची तरतूद आली.

अपहाराचा खटला वेगळा चालला आणि ५ एप्रिल १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयात संपला. दोन वर्षांची कैद झाली. बचावाचा एक मुद्दा होता, की बँकेतली शिल्लक ही ‘मालमत्ता’ नव्हे, म्हणून विश्वासघाताचे कलम लागत नाही. न्यायालयाने तो फेटाळला. कोऱ्या चेकांची, पेढीची, खोट्या खरेदीची ही साखळी गाईबद्दल किंवा जागतिक सरकारबद्दल कोणाचे काय मत आहे यावर अवलंबून नव्हती.

सुटल्यावर त्यांचा प्रचार आणि लेखन चालूच राहिले. महाराष्ट्रात गोवधबंदीचा १९७६ चा कायदा एप्रिल १९७८ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी सप्टेंबरात दालमिया वारले.

मुंबईतल्या कायद्याच्या विद्यार्थ्याला ते आजही दोनदा भेटतात. राज्यघटनेच्या पेपरला अनुच्छेद १४ खाली ‘दालमिया विरुद्ध तेंडोलकर’, आणि फौजदारीच्या पेपरला ‘मालमत्ता’ म्हणजे काय या प्रश्नाखाली. विश्वासघाताची त्या वेळची भारतीय दंड संहितेची कलमे ४०५ आणि ४०९ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहेत. बँकेतली शिल्लक मालमत्ताच, हा अर्थ तसाच चालू आहे.