व्हॅक्यूम सीलर, घरगुती

अन्नपदार्थ भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतील हवा पंपाने काढून घेऊन तिचे तोंड उष्णतेने चिकटवून टाकणारे छोटे विद्युत यंत्र. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि साठवणीतील बऱ्याचशा नुकसानीच्या मुळाशी तोच असतो : तेलबिया व सुकामेवा खवट होतात, कॉफीचा सुगंध उतरतो, बुरशी धरते आणि धान्यातील किडीची वाढ होते. ऑक्सिजन कमी केला की या क्रिया मंदावतात. थांबत मात्र नाहीत. घरगुती वापरात यंत्राचा खरा उपयोग दिसतो तो फ्रीझरमध्ये. सैल बांधलेल्या पुडीत पदार्थाच्या पृष्ठभागावरील बर्फाची थेट वाफ होते, ती पिशवीच्या आतल्या बाजूस हिमकणांच्या रूपाने साचते आणि पदार्थावर कोरडे, पांढरट चट्टे पडतात. पिशवी पदार्थाला अंगाबरोबर चिकटलेली असली म्हणजे वाफ व्हायला मोकळी जागाच उरत नाही. वर्षाचे धान्य साठवण्यासाठी किंवा फ्रिजमधील भाजी चार दिवस अधिक टिकावी म्हणून यंत्र घेणारे पुष्कळ असतात. पण फ्रीझरचा वापर मुळातच कमी असलेल्या घरात हे यंत्र बहुधा कपाटात पडून राहते.

हवा काढून घेणारा पंप सतराव्या शतकाच्या मध्यास ऑटो फोन गेरिके यांनी जर्मनीत तयार केला. स्वयंपाकघरात मात्र हे तंत्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आले आणि त्याला कारण झाली ती पंपापेक्षा पिशवी. गुळगुळीत पिशवीच्या तोंडातून हवा ओढू लागताच तिचे दोन्ही थर एकमेकांना चिकटतात आणि आतल्या हवेची वाट बंद होते. एका थरावर बारीक उंचवट्यांची जाळी उमटवली, तर त्या खाचांतून हवा शेवटपर्यंत वाहत राहते. अशा पिशवीचे अमेरिकी पेटंट १९८८ मध्ये हान्स क्रिस्टेन यांना मिळाले आणि टेबलावर मावणारी स्वस्त यंत्रे त्यानंतर सर्वत्र पसरली.

या यंत्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पिशवी यंत्राच्या बाहेर राहते आणि तिचे केवळ तोंड झाकणाखालच्या खाचेत धरले जाते. हे यंत्र हलके असते, थोड्या जागेत मावते आणि कोरड्या किंवा आधी गोठवलेल्या पदार्थांना पुरेसे पडते. त्याची अडचण ओलाव्याची आहे : हवेबरोबर रस, मॅरिनेड (पदार्थ मुरवण्याचे पातळ मसालेदार मिश्रण) किंवा मांसाचे पाणीही ओढले जाते, ते तोंडाशी येऊन सील बिघडवते आणि कधी थेट पंपात शिरते. दुसऱ्या, म्हणजे चेंबर प्रकारात संपूर्ण पिशवी बंद पेटीत ठेवतात आणि त्या पेटीतीलच हवा काढतात. पिशवीच्या आत व बाहेर दाब सारखाच उतरत असल्यामुळे द्रव बाहेर ढकलला जात नाही. तोंड चिकटवून झाल्यावर पेटीत हवा परत सोडली की बाहेरच्या दाबाने पिशवी आवळली जाते. येथे साध्या गुळगुळीत पिशव्या चालतात व त्या जाळीदार पिशव्यांहून बऱ्याच स्वस्त पडतात. उलटपक्षी यंत्र महाग असते, वीस-पंचवीस किलोग्रॅम वजनाचे असणेही विरळा नाही आणि त्याला ओट्यावर कायमची जागा द्यावी लागते. सूप किंवा रस्सा चेंबरमध्ये ठेवायचा तर तो आधी पूर्ण थंड करणे अपरिहार्य असते, कारण दाब २० किलोपास्कलपर्यंत उतरला की ६० अंश सेल्सिअसचे पाणीही उकळू लागते आणि पेटीभर शिंतोडे उडतात.

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा पंपाच्या ओढीचा असतो आणि निवड करताना त्यालाच वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. उणे ८० किलोपास्कल असे लिहिलेले यंत्र त्यांतील सुमारे चार पंचमांश दाब उतरवते, म्हणजे थोडी हवा राहतेच. समुद्रसपाटीपासून २,००० मीटर उंचीवर मुळातला दाबच ८० किलोपास्कलच्या आसपास असल्याने तेथे हा आकडा कोणत्याही पंपाला गाठता येणार नाही. साधारण घरगुती कामाला उणे ६० ते ८० या पट्ट्यातील यंत्र पुरते. त्यापुढच्या पाच-दहा किलोपास्कलसाठी पैसे मोजण्यापेक्षा सील करणाऱ्या पट्टीकडे पाहावे. उत्तम हवा काढलेल्या पिशवीचे सील महिन्याभरात सुटले, तर त्या हवा काढण्याला काही अर्थ उरत नाही.

सीलची पट्टी म्हणजे टेफ्लॉनच्या फितीखाली बसवलेली तापणारी तार किंवा पत्री. ती जितकी रुंद, तितकी चूक पोटात घालणारी. काही यंत्रे दोन समांतर रेषांत सील करतात आणि एक फसली तर दुसरी टिकते. चांगले सील उजेडात धरले असता एकसंध व पारदर्शक दिसते. तोंडाशी ओलावा राहिला असेल तर त्या ठिकाणी वाफेचे बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात, पिशवी दुमडलेली असेल तर केसासारखी तिरपी रेघ दिसते आणि हवा परत शिरते ती बहुतेक वेळा याच रेघेतून. म्हणून भरताना पिशवीची कड बोटभर बाहेर दुमडून घेतात, म्हणजे तोंडाची आतली बाजू कोरडी व स्वच्छ राहते. एकामागून एक पिशव्या बंद करताना पट्टी किती वेळात निवते, हेही खरेदीपूर्वी पाहण्यासारखे आहे. स्वस्त यंत्रांत दर खेपेनंतर काही सेकंद थांबावे लागते; न थांबल्यास पट्टी अतितापते, प्लॅस्टिक वितळून पातळ होते आणि सील जेथे मजबूत वाटते तेथेच फाटते.

पिशवी साध्या प्लॅस्टिकची चालत नाही. निव्वळ पॉलिएथिलीनमधून ऑक्सिजन हळूहळू पाझरतो. त्यामुळे बाहेरून ऑक्सिजन अडवणारा नायलॉनचा थर आणि आतून उष्णतेने चिकटणारा पॉलिएथिलीनचा थर अशी जोड वापरतात. यंत्राच्या किमतीपेक्षा पिशव्यांचा चालू खर्च काही वर्षांत सहज अधिक होतो, म्हणून ज्या यंत्राला कोणत्याही उत्पादकाची जाळीदार पिशवी चालते ते घेणे शहाणपणाचे. पिशव्यांच्या गुंडाळ्या साधारणतः २० व २८ सेंटीमीटर रुंदीच्या मिळतात; पट्टी २८ सेंटीमीटरला पुरणारी असावी. हाडे, खेकडे, कडक पास्ता अशा टोकदार वस्तू पिशवी भोसकतात. त्यांना आतून कागदाचा थर द्यावा लागतो.

बाकीच्या सोयींपैकी दोनच खऱ्या उपयोगाच्या ठरतात. एक, ओढ हाताने थांबवण्याचे बटण : त्यामुळे ब्रेड किंवा बेरीसारखी मऊ फळे चिरडण्याआधी सील करता येते. दुसरी, काढून धुता येणारा ठिबकपात्राचा, म्हणजे ओढला गेलेला रस साठवणारा, खण. बरणीसाठी नळी जोडण्याचे तोंड असेल तर पीठ, बिया व कॉफी बरणीतच निर्वात करता येते आणि पिशव्या वाचतात. पण पिठासारखी पूड असल्यास वर कागदी गाळणी ठेवावी, नाहीतर ती पंपात जाते. दहा-बारा कार्यक्रमांची बटणे असलेली यंत्रे दिसायला भारदस्त असतात, एवढेच.

निर्वात केल्याने पदार्थ निर्जंतुक होत नाही. हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव असतात हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये दाखवले. १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधील एलझेल या गावी वादकांच्या एका पथकाने खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवलेले डुकराचे मांस खाल्ले. अनेकांना विषबाधा होऊन तिघे दगावले आणि एमिल व्हॅन अरमेंगेम यांनी त्या मांसातून जो जीवाणू वेगळा केला तो आज क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणून ओळखला जातो. त्याला वाढायला ऑक्सिजन नको असतो. सामू (पीएच) ४.६ पेक्षा अधिक असलेला, म्हणजे फारसा आंबट नसलेला, ओलसर आणि उबदार जागी ठेवलेला निर्वात पदार्थ त्याला मानवतो आणि त्याच्या काही जाती ३ अंश सेल्सिअसपर्यंतही वाढू शकतात. एरवी पदार्थ नासल्याची सूचना वासावरून व बुरशीवरून मिळते. निर्वात पिशवीत ती सूचना देणारे जीव मागे पडतात आणि पदार्थ वरकरणी ताजा दिसतो. लिस्टेरिया हा दुसरा जीवाणू तर फ्रिजच्या थंडीतही, ऑक्सिजन असो वा नसो, वाढतो. त्यामुळे ओले व शिजवलेले पदार्थ ५ अंशांच्या खाली फ्रिजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवणे किंवा उणे १८ अंशांवर गोठवणे, एवढेच पर्याय उरतात. कपाटात ठेवण्याजोगे फक्त कोरडे पदार्थ. गोठवलेला मासा वितळवताना पिशवी आधी कापून उघडावी आणि तो फ्रिजमध्येच वितळवावा.

कच्चा लसूण, अळिंबी आणि मऊ चीज निर्वात पिशवीत ठेवू नयेत. कोबी, फुलकोबी व ब्रोकोली कच्च्या ठेवल्यास वायू सोडतात व पिशवी काही दिवसांत फुगते. त्या उकळत्या पाण्यातून काढून, थंड करून व पुसून गोठवाव्यात. पिशवी फुगली तर आतला पदार्थ टाकून द्यावा, हवा पुन्हा काढून पाहू नये.

यंत्र बिघडते ते बहुधा झाकणाच्या फोमच्या किंवा रबरी गॅस्केटपाशी, म्हणजे झाकण हवाबंद बसवणाऱ्या पट्टीपाशी. त्यावर अन्नाचा कण किंवा पिठाची पूड बसली की हवा गळते आणि पंप नुसताच घरघरत राहतो. ते वेगळे काढून धुता येते का आणि सुटे विकत मिळते का, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. शिवाय वापर झाल्यावर झाकणाचा खटका लावून ठेवू नये, कारण सतत दाबले गेलेले गॅस्केट कायमचे चपटे होते.