दूरस्थ सहनिर्मित संगीत

वेगवेगळ्या गावी राहणाऱ्या कलावंतांनी ध्वनिमुद्रणे एकमेकांकडे पाठवत, पाळीपाळीने भर घालत रचलेले संगीत. इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र, संगीतातील त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे दि पोस्टल सर्व्हिस हा अमेरिकन गट. लॉस अँजेलिसचा जिमी टॅम्बोरेलो आणि सिअ‍ॅटलचा बेन गिबर्ड यांचा ‘गिव्ह अप’ हा दहा गाण्यांचा अल्बम सब पॉप कंपनीने फेब्रुवारी २००३ मध्ये काढला.

पद्धतीचा उगम कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. गायक आणि वादक वेगवेगळ्या वेळी ध्वनिमुद्रित करण्याची सोय बहुमार्गी ध्वनिमुद्रण (प्रत्येक आवाज स्वतंत्र मार्गावर टिपणे) आल्यापासूनच आहे. हिंदी चित्रपटांतील कित्येक युगुलगीते दोघा गायकांनी एकमेकांना न भेटता गायली आहेत. म्हणून काहींना यात नवे काही दिसत नाही. मात्र तेथे अंतिम शब्द संगीतकाराचा असतो. येथे दोघांनाही कापाकापीचा सारखाच अधिकार होता, आणि पद्धतीचे वेगळेपण त्यातच मानणे अधिक सयुक्तिक वाटते. टॅम्बोरेलोच्या डीएनटेल या प्रकल्पासाठी दोघांनी केलेले, २००१ साली प्रसिद्ध झालेले गाणे या भागीदारीचे बीज होय.

टॅम्बोरेलो वाद्यसंगीत डॅट फितीवर उतरवून टपालाने पाठवी. गिबर्ड त्यात फेरफार करून, वर आपले गायन मुद्रित करून ते परत धाडी. डॅट ही सोनीने १९८७ च्या सुमारास बाजारात आणलेली डिजिटल फीत. तिच्यावर डावी आणि उजवी अशा दोनच वाहिन्या असतात, त्यामुळे एकदा एकत्र झालेले ताल आणि सुरावट तिच्यावरून पुन्हा सुटे करता येत नाहीत. हाती येते ती सलग वीण: तिचे तुकडे पाडावेत, क्रम बदलावा, वर गावे. काही वर्णनांत सीडीचा उल्लेख येतो. तीही दोनच वाहिन्यांची असल्याने मुद्दा बदलत नाही.

श्रोत्यांच्या आवडीत ‘सच ग्रेट हाइट्स’ बहुधा अग्रस्थानी असते. आरंभीचे टोकदार ठिपक्यांसारखे स्वर डाव्या कानातून उजव्या कानात उड्या घेतात, मग ढोल येतो आणि त्यानंतर शांत गळ्याने गिबर्ड गातो. यंत्राची घाई आणि गळ्याचा संथपणा एकमेकांना खोडत नाहीत. ‘नथिंग बेटर’मध्ये तो आर्जव करतो आणि जेन वुडच्या आवाजातील ती मुद्देसूद उत्तर देते. मराठी श्रोत्याला येथे सवाल-जवाब आठवल्यास नवल नाही. शेवटचे ‘नॅचरल अँथम’ फारसे कोणी आवडते म्हणून सांगत नाही. पण दीर्घ वाद्यसंगीतानंतर अगदी उशिरा येणारा गळा ऐकला की एकाची पाळी कोठे संपली आणि दुसऱ्याची कोठे सुरू झाली हे जवळजवळ दिसते. पद्धत समजून घ्यायची तर हेच गाणे आधी ऐकावे.

गटाच्या नावावर अमेरिकेच्या टपाल खात्याने आक्षेप घेतला. पुढे तडजोड झाली: नाव वापरण्यास परवानगी मिळाली आणि खात्याच्या परिषदेत २००४ साली गटाने गायनही केले. दुसरा अल्बम आला नाही. २०१३ आणि २०२३ मध्ये वर्धापनानिमित्त दौरे झाले.

पुण्यात १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने मोठा श्रोतृवर्ग घडवला आहे. त्याची सवय समोरासमोरच्या साथीची: तबलजी गवयाच्या चेहऱ्याकडे पाहून समेवर येतो. दूरस्थ संगीतात ती नजरानजर नसते. सम आधीच ठरलेली असते आणि गायकाला तिच्याभोवती जागा शोधावी लागते. शहरात इंडी संगीताचे व्यासपीठ म्हणून २०१० साली सुरू झालेला एनएच७ वीकेंडर हा संगीतमहोत्सव आणि ईझी वाँडरलिंग्जसारखे गट उल्लेखनीय आहेत.