इंधननळीतील गळती व तिची दुरुस्ती (जुने ट्रॅक्टर)

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), किंवा डिझेल इंजिनात नोझलपर्यंत (सिलिंडरात डिझेल फवारणारे तोंड), इंधनाच्या वाटेवर कुठेही इंधन बाहेर झिरपू लागले अथवा बाहेरची हवा आत शिरू लागली, की ती इंधनगळती. हवा आत शिरणे ही गळतीच आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जुन्या डिझेल ट्रॅक्टरवर सर्वांत जास्त वेळ खाणारी गळती मात्र तीच, कारण तिचा थेंबही दिसत नाही. येथे जुना ट्रॅक्टर म्हणजे साधारणपणे १९७० पूर्वीचा, यांत्रिक फीड पंपाचा (टाकीतून इंधन ओढून पुढे ढकलणारा पंप) किंवा पंपच नसलेला ट्रॅक्टर, असे धरले आहे.

पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत टाकी इंजिनाच्या वर असते आणि इंधन स्वतःच्या वजनाने खाली उतरते. १९१७ साली बाजारात आलेला फोर्डसन मॉडेल एफ याच घराण्यातला. तो पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की रॉकेलवर न्यायचा. १९३९ चा फोर्ड ९एन, त्याच्यामागून आलेला ८एन आणि १९४६ पासूनचा फर्ग्युसन टीई-२० यांचीही मांडणी तशीच. टाकी कार्बोरेटरपेक्षा अर्धा मीटर उंच असली, तर नळीतला जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम तीन-चार टक्के भरतो. इतका दाब अडवायला जोड जीव खाऊन आवळण्याची गरज नसते. तो स्वच्छ असावा आणि सरळ बसावा, एवढे पुरते. डिझेलमध्ये एकाच वाटेवर वेगवेगळे दाब असतात. फीड पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, ओढ, म्हणजे दाब बाहेरच्यापेक्षा कमीही. पंपापासून फिल्टरमार्गे इंजेक्शन पंपापर्यंत (नोझलला मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारा पंप) बाहेरच्यापेक्षा जास्त, पण हा जादा दाब वातावरणाच्या अर्ध्याइतकाच. आणि तिथून नोझलला जाणाऱ्या जाड पोलादी नळ्यांत वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट. या तिन्ही जागांची गळती वेगळी दिसते आणि तिचा इलाजही वेगळा असतो.

कारणे : पहिले कारण थरथर. दोन-तीन-चार सिलिंडरांची ही इंजिने सावकाश पण दणक्याने चालतात, आणि नळीला मधे क्लिप नसेल तर सगळा हिसका शेवटच्या जोडावर येतो. तांब्याची नळी अशा हिसक्यांनी हळूहळू कडक होते आणि नटाच्या तोंडाशी केसासारखी चिरते. मूळच्या काही नळ्यांना मधेच एक गोल वेढा दिलेला असतो, तो हा हिसका जिरवण्यासाठी. शोभेचा समजून तो काढून टाकणारे भेटतात, आणि मग वर्षभरात तीच नळी दुसऱ्यांदा बदलतात. दुसरे कारण नुसते उभे राहणे. ट्रॅक्टर कोरडा उभा राहिला की बुचाचे (कॉर्कचे) वॉशर वाळून आकसतात, रबर तडकते, टाकीच्या तळाशी साचलेले पाणी आतून गंज धरते. तिसरे कारण आजचे पेट्रोल. त्यात मिसळलेले इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, बुचाच्या फ्लोटवरचा (कार्बोरेटरात तरंगून इंधनाची पातळी राखणारा भाग) लाखेचा लेप विरघळवते आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सुटा करते. तो थर एखाद्या बारीक छिद्राला बूच होऊन बसलेला असेल, तर छिद्र मोकळे होते.

शोध : थेंब जिथे पडतो तिथे गळती असतेच असे नाही. इंधन नळीच्या बाहेरच्या अंगाने घसरत सर्वांत खालच्या वळणापर्यंत येते आणि तिथून सुटते. वरचा जोड तोवर फक्त ओलसर दिसतो. म्हणून शोध वरून खाली करावा आणि पहिली ओल जिथे लागेल ती खरी मानावी. त्यासाठी आधी सगळे पुसून कोरडे करणे भाग आहे. तेलाची पुटे चढलेल्या इंजिनावर गळती शोधणे म्हणजे पावसात फुटका माठ हुडकणे. पुसून झाल्यावर संशयाच्या जागांवर खडूची पूड भुरभुरावी. पांढऱ्या पुडीवर पहिला काळपट ठिपका कुठे उमटतो, ते पाच-दहा मिनिटांत कळते. अवघड कोपऱ्यातल्या जोडाला पातळ कागदाची पट्टी गुंडाळून ठेवली तरी तेच काम होते. पाना हातात घ्यायचा तो यानंतर. संशयावरून एकेक नट आवळत सुटलेला माणूस चांगले असलेले दोन जोड बिघडवतो आणि गळका तसाच ठेवतो.

वेळेचेही भान हवे. सकाळी बाहेरून कोरडी असलेली टाकी दुपारी जोडातून झिरपते, कारण उन्हात आतल्या वाफेचा दाब वाढतो. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र बुजले असेल तर तो दाब निघायला वाटच उरत नाही. बुजलेल्या छिद्राचा उलटा परिणामही ठरलेला असतो : ट्रॅक्टर थोडा वेळ नीट चालतो, मग तडफडून बंद पडतो, झाकण उघडताच फुस्स आवाज येतो आणि तो पुन्हा सुरू होतो. अशा वेळी नळीकडे पाहण्याचे कारण नाही.

सेकंदाला एक थेंब किरकोळ वाटतो. दिवसाकाठी तो दीड-दोन लिटर होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानापासूनच पेट घेऊ शकते. त्यामुळे काम उघड्यावर करावे, बॅटरीची तार आधी सोडावी, इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे आणि उघड्या तारेचा दिवा जवळ आणू नये.

काचेचा बाउल : गुरुत्वाने इंधन उतरणाऱ्या ट्रॅक्टरांवर टाकीखाली काचेचा बाउल लोंबतो. पाणी आणि गाळ त्यात बसतात, वर जाळी असते, तारेची कडी आणि हाताने फिरवायचा नट त्याला धरून ठेवतात. बहुसंख्य गळत्या इथेच निघतात. दुरुस्तीही सोपी, पण घाई चालत नाही. तोटी बंद करून बाउल काढावा आणि जुना वॉशर नखाने किंवा लाकडी काडीने खरवडून पूर्ण काढावा. जुन्यावर नवा वॉशर बसवण्याचा मोह होतो. दोन वॉशर एकमेकांवर घसरतात आणि गळती वाढते. मग काचेच्या काठावरून बोट फिरवून पाहावे. टवका उडाला असेल तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर काठ ओला करून गोल गोल घासावा. खोल टवका असेल तर बाउल बदलावा. बुचाचा नवा वॉशर थोडा वेळ भिजवून घ्यावा. बाउल वर धरून नट बोटांनी आवळावा, पक्कड लावू नये. तोटी उघडून बाउल भरू द्यावा, वॉशर फुगायला अर्धा तास द्यावा आणि मग पाव फेरा आणखी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरायचे असेल तर बुचाऐवजी नायट्राइल रबराचा वॉशर टिकतो.

बाउलच्या वरची तोटी दांड्याच्या बाजूने झिरपत असेल, तर दोष आतल्या पॅकिंगचा असतो. दांड्याभोवतीचा छोटा नट अगदी थोडा आवळला की बहुधा थांबते; नाही थांबली तर पॅकिंग नवे घालावे. फोर्ड ८एनच्या तोटीत एक गंमत आहे : दोन फेरे उघडली की मुख्य साठा येतो, पूर्ण उघडली की तळाचा राखीव. जे ही तोटी नेहमीच टोकापर्यंत सोडतात, ते राखीव इंधन न कळत संपवतात आणि मग नळी तुंबली म्हणून ती खोलतात.

तोटी टाकीत जिथे बसते तिथले आटे निमुळते असतात. त्यांना पेट्रोलला दाद न देणारी पेस्ट लावावी, पण पहिला आटा कोरडा सोडावा. नळकामातली पांढरी टेप इथे गुंडाळली तर तिचे तंतू सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे इंधनाच्या बारीक छिद्रात, अडकतात. फ्लेअर आणि फेरूलच्या जोडांना (ते कसे असतात ते पुढे येते) तर काहीच लावायचे नसते. तिथे आटे फक्त दाबतात. बंद करण्याचे काम धातूवर धातू करतो.

नळी आणि तिची तोंडे : फेरूलच्या जोडात नळीवर पितळेची बारीक कडी चढवलेली असते आणि नट आवळला की ती नळीला चावते. एकदा चावलेली कडी पुन्हा त्याच जागी तंतोतंत बसेलच असे नाही. जोड खोलला की नळीचा तेवढा तुकडा कापून नवी फेरूल घालणे शहाणपणाचे. फ्लेअरच्या जोडात नळीचे तोंडच कर्ण्यासारखे पसरवलेले असते. इंधननळ्यांत हा कोन सहसा ४५ अंशांचा, हायड्रॉलिकच्या जोडांत ३७ अंशांचा. काही मापांत दोन्हींचे आटे जुळतात, नट छान बसतो आणि जोड तरीही गळत राहतो. धातू एका बारीक रेषेवरच टेकलेला असतो आणि जास्त आवळल्याने ती रेष चिरते.

नवी नळी करताना करवतीपेक्षा नळी कापायचे चाकवाले हत्यार बरे. काप काटकोनात येतो. आतली धार कानशीने घालवावी, कीस फुंकून काढावा. मऊ तांब्याला एकेरी फ्लेअर चालतो. पोलादी नळीला दुहेरी करावा, नाहीतर पसरलेली कड फाटते. आणि फ्लेअर करण्याआधी नट नळीवर घालावा. हे लिहिण्याचीही गरज नसावी, पण सुरेख जमलेल्या फ्लेअरकडे कौतुकाने पाहताना नट टेबलावरच राहिल्याचे लक्षात येणे, हा अनुभव या कामातल्या बहुतेकांच्या गाठी असतो. नट दोन्ही टोकांना आधी बोटांनीच चार-पाच आटे चढला पाहिजे. तो तिरका जात असेल तर नळीला वळण चुकले आहे. पान्याने ओढून नळी सरळ होत नाही, आटे मात्र जातात. घट्ट करताना नेहमी दोन पाने लावावेत, एक फिटिंग धरायला आणि एक नट फिरवायला.

आतून जस्त चढवलेला पाइप इंधनाला वापरू नये. रबरी होज लावायचीच तर इंधनासाठीच बनवलेली लावावी, ती एक्झॉस्टपासून लांब ठेवावी, आणि मूळ पोलादी नळी जागेवर टिकत असताना लावूच नये. रबर घातले की थरथर जिरते हे खरे, पण जळते इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये रबर जितके कमी तितके बरे.

कार्बोरेटर व टाकी : कार्बोरेटरखाली टपटपणारे पेट्रोल म्हणजे नळीची गळती नव्हे. खालून वर हवा ओढणाऱ्या कार्बोरेटरात चोक जास्त ओढला की जादा पेट्रोल मुद्दाम ठेवलेल्या छिद्रातून गळते, ते काही वेळाने थांबते. थांबत नसेल तर फ्लोटची सुई आणि तिची बैठक घाणीने अडली आहे किंवा झिजली आहे, नाहीतर फ्लोटमध्येच पेट्रोल भरले आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की छिद्रातून बुडबुडे निघतात. तोवर पाळायची सवय एकच, ट्रॅक्टर उभा केला की तोटी बंद.

टाकीच्या पत्र्याला सुईएवढे छिद्र पडले, तर साबणाची वडी घासून ते तात्पुरते बुजते, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. कायमचा इलाज झाळकाम. झाळकाम असो वा वेल्डिंग, त्याआधी मात्र थांबावे : रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते आणि सांध्यांत मुरलेले पेट्रोल धुऊनही उरते. हे काम टाकी निर्वायू करण्याची पद्धत जाणणाऱ्यावरच सोपवावे.

डिझेलमधील हवा : रात्रभर उभा राहिलेला ट्रॅक्टर सकाळी सुरू होतो, अर्धे मिनिट चालतो आणि बंद पडतो, तेव्हा ‘एअर धरली’ म्हणतात. फीड पंपाच्या अलीकडचा एखादा जोड हवा घेत असतो. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडला की बुडबुडे दिसतात; मग टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत जावे. बँजो बोल्टचे (आतून पोकळ, इंधन जाऊ देणारा बोल्ट) तांब्याचे वॉशर इथले नेहमीचे गुन्हेगार. वापरलेला वॉशर कडक झालेला असतो. मंद लाल होईपर्यंत तापवून गार केला की पुन्हा नरम होतो, वरची काजळी घासून तो परत वापरता येतो. नवा असेल तर त्याहून चांगले.

फीड पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला तर डिझेल बाहेर न येता इंजिनाच्या तेलात उतरू शकते. ऑइलपट्टीवरची पातळी आपोआप वाढते, तेल पातळ होते आणि त्याला डिझेलचा वास येतो. अशा तेलावर इंजिन एक क्षणही चालवू नये.

जोड नीट केल्यावर एअर काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा मारावा, बुडबुडे संपले की स्क्रू बंद करावा, मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलकडचे नट एक फेरा सैल करून इंजिन फिरवावे आणि डिझेल येताच आवळावे. हातदांडा निर्जीव वाटला तर पंप बिघडला असे समजू नये. पंप हलवणारा कॅम (फिरत्या दांड्यावरचा उंचवटा) वर आलेला असतो. इंजिन थोडे फिरवले की दांड्याला जोर येतो.

नोझलच्या जाड नळ्यांची गळती चिंधीने पुसत हाताने कधीही चाचपू नये. तिथून निघणारी अदृश्य धार कातडी भेदून डिझेल आत सोडते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवावा. तशी इजा झालीच तर लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जाऊन ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. ही नळी डाखत किंवा जोडत नाहीत, बदलतात. एका इंजिनावरच्या सर्व नळ्यांची लांबी आणि आतला व्यास सारखा असतो, तो बिघडला की सिलिंडरांना इंधन वेगवेगळ्या वेळी मिळते.

पूर्ण झालेल्या कामाची परीक्षा दोनदा घेतात. ट्रॅक्टर तापवून, गार होऊ देऊन जोड एकदा पुन्हा तपासतात, कारण नवे वॉशर पहिल्या तापण्यात थोडे बसतात. मग तोटी उघडी ठेवून रात्रभर खाली पांढरा कागद पसरतात. त्यावर सकाळी एखादा ठिपका दिसला, तर बरोबर त्याच्या वर पाहण्याऐवजी पुन्हा टाकीपासून सुरुवात करतात.