ट्रेलर काय दाखवतात आणि काय झाकतात: अ‍ॅनिमेशनपटांची तीस वर्षं

नव्या अ‍ॅनिमेशनपटाचा ट्रेलर आला की तासाभरात निकाल लागतो. 'फारच पोरकट वाटतोय', 'गाणी आहेत की नाही?', 'सगळी गोष्ट इथंच सांगून टाकली'. पण ट्रेलरमध्ये काय घ्यायचं हे बहुतेक वेळा विक्री विभाग ठरवतो. तो ते का आणि कसं ठरवतो, हे मागे जाऊन पाहिलं की कळतं.

नोव्हेंबर १९९३ मध्ये डिस्नीने अमेरिकेतल्या थिएटरांत 'द लायन किंग'चा पहिला ट्रेलर लावला. सिनेमा यायला सात महिने होते, बरंचसं काम अजून अर्धवट होतं. म्हणून त्यांनी सुरुवातीचं 'सर्कल ऑफ लाइफ' हे अख्खं गाणंच दाखवलं. सूर्य उगवतो, माळरानावर प्राण्यांचे कळप जमतात, रफिकी हा म्हातारा माकड कड्यावर उभा राहून सिंहाचं पिल्लू उंच धरतो आणि ढोलाच्या एका दणक्यासरशी पडद्यावर नाव येतं. ट्रेलरमध्ये जे होतं तेच सिनेमात होतं. इतका प्रामाणिक ट्रेलर मला दुसरा आठवत नाही.

पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने वेगळी वाट धरली. अ‍ॅनिमेशनपट तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात आणि शेवटचे प्रसंग अगदी अखेरीस पुरे होतात. म्हणून टीझरसाठी, म्हणजे ट्रेलरआधीच्या छोट्या झलकीसाठी, ते स्वतंत्र छोटा प्रसंगच रचत. 'द इनक्रेडिबल्स'च्या टीझरमध्ये पोट सुटलेला नायक मिस्टर इनक्रेडिबल पोशाखाचा पट्टा लावायला धडपडतो, हा प्रसंग सिनेमात कुठेच नाही. तरी तेवढ्यात माणूस कळतो.

झाकाझाकी सुरू झाली ती २००९ नंतर. 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'ला डिस्नीच्या अपेक्षेइतका धंदा झाला नाही. राजकन्येचं नाव पाहून मुलगे फिरकले नाहीत, असा अर्थ कंपनीने काढला. पुढच्याच वर्षी 'रॅपुन्झेल'चं नाव 'टँगल्ड' झालं आणि जाहिरातीत फ्लिन हा चोर पुढे आला. जून २०१३ मध्ये 'फ्रोझन'चा पहिला टीझर आला तेव्हा तर कमालच झाली. गोठलेल्या तळ्यावर ओलाफ या बर्फाच्या बाहुल्याचं गाजराचं नाक घसरत जातं, ते पकडायला तो आणि स्वेन हा रेनडियर धडपडतात. एल्सा आणि अ‍ॅना या नायिका बहिणी नाहीत, गाण्याची एक ओळही नाही. ज्या सिनेमाचा जीव दोन बहिणींच्या नात्यात आणि 'लेट इट गो' या गाण्यात होता, त्याची ओळख बर्फाच्या बाहुल्यावर भागवली. सिनेमाने १२० कोटी डॉलरांहून जास्त कमावले ते बहिणींच्या आणि गाण्यांच्या जोरावर. म्हणजे जे लपवलं तेच लोकांना हवं होतं. मुलग्यांबद्दलचा तो अंदाज मला तेव्हाही पटला नव्हता.

प्रेक्षकांच्या मताचं वजन खरं दिसलं ते २०१९ मध्ये. 'सॉनिक द हेजहॉग' पूर्ण अ‍ॅनिमेशनपट नव्हे, पण त्याचा नायक संगणकावर घडवलेला. एप्रिलअखेर आलेल्या ट्रेलरमधले त्याचे माणसासारखे दात पाहून लोक इतके बिथरले की दोन-तीन दिवसांतच दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी रूप बदलण्याचा शब्द दिला. प्रदर्शन नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० वर गेलं. नवं रूप लोकांना आवडलं, सिनेमाही चालला. पण ती मेहनत अ‍ॅनिमेटरांच्या वाट्याला आली, हे फार थोड्यांनी बोलून दाखवलं.

'एलिमेंटल'ची गोष्ट मला जास्त जवळची. दिग्दर्शक पीटर सोन यांचे आईवडील कोरियातून न्यूयॉर्कला आले, तिथं त्यांनी किराणा दुकान चालवलं. बापाने उभं केलेलं दुकान मुलीने पुढे चालवायचं की नाही, हा सिनेमाचा गाभा. ट्रेलर पाहून मात्र अनेकांना ती आग-पाण्याची नेहमीची प्रेमकथा वाटली. जून २०२३ मध्ये अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत जेमतेम तीन कोटी डॉलर आले, आणि सिनेमा पडला असं सगळ्यांनी लिहून टाकलं. पाहून आलेले लोक एकमेकांना सांगत राहिले, आणि जगभरातली कमाई ५० कोटी डॉलरांच्या जवळ पोचली.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये हेच घडलं. 'महावतार नरसिंह' हा अ‍ॅनिमेशनपट मोठ्या नटाशिवाय आला, पहिल्या दिवशी गर्दी बेताची होती. मग तोंडोतोंडी बातमी पसरली, कुटुंबंच्या कुटुंबं थिएटरात गेली आणि काही आठवड्यांत कमाई ३०० कोटी रुपयांच्या वर गेली.