मध्ययुगीन मेजवानीत बटाटा आला कुठून?

अमेरिकेत ‘मिडीव्हल टाइम्स’ नावाच्या नकली किल्ल्यांत तिकीट काढून मध्ययुगीन थाटाची मेजवानी झोडता येते. घोडेस्वार सरदारांच्या झुंजी बघत हाताने कोंबडी खायच्या या मेजवानीचे मूळ आयर्लंडच्या शॅनन विमानतळाशी जाऊन भिडते. १९५८ पासून जेट विमाने तिथे इंधनाला न थांबता अटलांटिक ओलांडू लागली. अमेरिकन पाहुण्याने निदान एक रात्र तरी मुक्काम करावा, यासाठी जवळचा बनरॅटी किल्ला कामाला लावला गेला. पंधराव्या शतकातला हा किल्ला डागडुजीनंतर १९६० मध्ये लोकांना खुला झाला आणि १९६३ पासून तिथे पंगती बसू लागल्या. हातात फक्त सुरी, गळ्यात लाळेरे, प्यायला मधाची दारू. घोडे मात्र नव्हते. ते स्पेनमधल्या अशाच खेळांतून आले आणि डिसेंबर १९८३ मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीला, डिस्नेच्या गर्दीशेजारी, नव्याकोऱ्या ‘किल्ल्यात’ बांधले गेले.

खरा घोळ ‘मध्ययुगीन’ या शब्दाचा. युरोपचे मध्ययुग साधारण १४५३ किंवा १४९२ ला संपले असे धरतात. बटाटा, मका आणि टोमॅटो अमेरिकेतून तिकडे पोचले ते त्यानंतर. फ्लोरिडातल्या ताटात मात्र टोमॅटोचे सूप, मक्याचे कणीस आणि भाजलेला बटाटा! यावर जाणकार नाक मुरडतात, चालवणारे म्हणतात गिऱ्हाईक बटाट्याशिवाय उठत नाही. गंमत अशी, की आपल्या पाठ्यपुस्तकांतले मध्ययुग मराठेशाहीपर्यंत येते आणि तोवर पोर्तुगीजांच्या जहाजांतून मका-मिरची इकडे आलेली होती. ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. आपली पट्टी लावली, तर ते ताट बहुधा पास होईल.

‘हवे तेवढे खा’ हेही त्या काळाचे नव्हे. जुन्या दिवाणखान्यात अन्न मानाप्रमाणे वाढले जाई. दोघाचौघांत एकच ताट, आणि उरलेले दारातल्या गरिबांना. अमर्याद बुफेची प्रथा रुजली ती १९४० च्या दशकात, लास वेगासच्या जुगारघरांत, डॉलरभर दरात. हातांनी लचके तोडण्याचेही तसेच. त्या काळी पाहुणे स्वतःची सुरी आणत, चमचेही असत. दुर्मीळ होता तो काटा. कोंबडी फाडून हाडे खांद्यामागे भिरकावणारा राजा लोकांच्या मनात ठसवला १९३३ च्या एका ब्रिटिश चित्रपटाने, आणि तो राजाही, म्हणजे इंग्लंडचा आठवा हेन्री, सोळाव्या शतकातला.

अलीकडे वाद ताटाचा राहिलेला नाही. २०१८ च्या सुमारास अमेरिकेतल्या खेळांत सिंहासनावर राजाऐवजी राणी आली. २०२२ मध्ये न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या कलाकारांनी संघटना बांधली. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातले सरदार पगार आणि सुरक्षिततेसाठी संपावर गेले आणि कित्येक महिने फलक घेऊन किल्ल्याच्या बाहेर उभे राहिले. आत पंगती चालूच होत्या.