अंगावर मांस नाही, मग शुगर कुठून आली?

सकाळी सातला पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर उपाशीपोटी ताटकळणाऱ्यांत एखादा काटकुळा गृहस्थ असतोच. संध्याकाळी रिपोर्ट हातात पडला की घरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "ह्यांच्या अंगावर मांस नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा, मग शुगर कुठून आली?"

प्रश्न रास्त आहे. उपाशीपोटी रक्तात १२६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून जास्त साखर पुन्हा तपासूनही आली, की मधुमेहाचा शिक्का बसतो. हा आकडा सगळ्यांना सारखाच. तिथवर पोचायच्या वाटा मात्र निरनिराळ्या.

टाईप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी ह्याच, त्यामुळे इन्सुलिन जवळजवळ आटतं. शाळेत जाणारं पोर पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करतं, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येते, कपडे ढगळ होतात. पुढे पोटदुखी, उलट्या, श्वासाला पिकल्या फळासारखा वास. साधा पोटाचा बिघाड समजून घालवलेला एखादा दिवस इथे जिवावर बेततो. गोळ्या आणि कारल्याचा रस ह्या वाटेवर कामाचे नाहीत, इन्सुलिनच लागतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोतल्या १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी डॉक्टर अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवून थोडे दिवस तगवत, एवढंच.

टाईप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण स्नायू आणि यकृत त्याला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंड जादा राबतं आणि वर्षांमागून वर्षं दमत जातं. हा जाड माणसांचा आजार, असा आपला समज. तो खोडून काढणारा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन धावायचे; याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत गाठणं. हे त्यांनीच लेखात मिश्कीलपणे लिहिलंय. वजनकाट्याला कळत नाही ते हेच: किलो तेवढेच, पण त्यात स्नायू किती आणि चरबी किती?

ह्याची मुळं फार मागे जातात. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान. चरबीत मात्र त्या मानाने फारशी मागे नाहीत. बारीक पण चरबीदार! पोटात असताना आबाळ सोसलेलं असं शरीर पुढे खुर्चीतली नोकरी आणि भरपेट जेवण ह्यांत सापडलं की थोड्या वजनवाढीनेही साखर चढते.

गरोदरपणातला मधुमेह हा आणखी एक प्रकार. ग्लुकोजचं पाणी पाजून तो तपासतात. बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते, पण त्या बाईला पुढे टाईप २ होण्याचा धोका वाढलेला असतो. दवाखान्यात हे सांगतात. बारशाच्या गडबडीत घरी विसरतात.

दीर्घ कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाची कथा मजेशीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वेगळा गट दिला, १९९९ मध्ये तो काढून टाकला. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाईप ५' म्हणून मान्यता दिली. ह्यात तरुण, हडकुळ्या माणसाचं स्वादुपिंड मुळातच इन्सुलिन कमी बनवतं.

लॅबमधले आपले गृहस्थ बहुधा टाईप २ चेच. वजनकाटा बाजूला ठेवून शिंप्याची टेप त्यांच्या कमरेला लावून बघा. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. पोट आत ओढू नका म्हणावं.