पार्श्वभूमी : ‘सरकार नोटा छापून का घेत नाही?’ या प्रश्नामागची चाळीस वर्षे

फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की ‘रुपया येतो कसा, जातो कसा’ हे वर्तुळ वर्गावर्गांत फळ्यावर काढले जाते. कर्जाची फोड सर्वांत मोठी, व्याजाचीही मोठी, असे बोट ठेवून दाखवले की तास संपत आलेला असतो, आणि नेमका तेव्हाच मागच्या बाकावरून प्रश्न येतो : नोटांचा छापखाना नाशिकरोडला, तोही सरकारी मालकीचा, मग सरकार कर्ज कशाला काढते? त्यावर ‘महागाई वाढते’ एवढे सांगून बहुतेक शिक्षक पुढे सरकतात. हे उत्तर चुकीचे नाही, पण त्यातून मुलांना असे वाटते की हा मोह सरकारला कधी झालाच नाही. प्रत्यक्षात केंद्राच्या अर्थखात्याने चाळीसेक वर्षे जवळपास हेच केले, तेही रीतसर, कागदोपत्री आणि ठरलेल्या व्याजाने.

अर्थखाते नेमके काय करते हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायचे तर या चाळीस वर्षांइतके सोयीचे उदाहरण दुसरे सापडत नाही. पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षांच्या नोट्स मात्र एखाद-दुसऱ्या ओळीत ते आटोपतात. राज्यघटनेतली अर्थसंकल्पाविषयीची कलमे ११२, २६६, २६७ मुलांना तोंडपाठ असतात, पण संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत, एखाद्या शुक्रवारी पैसेच नसतील तर काय होते, हे कुणी विचारत नाही.

मागचा इतिहास थोडक्यात. १८५७ नंतर सरकारवरचे कर्ज फुगले, त्यातून १८६० मध्ये पहिला अर्थसंकल्प आणि पहिला प्राप्तिकर आला. सरकारचा पैसा तेव्हा तीन प्रेसिडेन्सी बँकांकडे असे. त्यांपैकी मुंबईची बँक कापसाच्या सट्ट्यानंतर १८६८ मध्ये बुडाली. पुढे १८७६ मध्ये सरकारने शिलकीचा मोठा भाग बँकांच्या हाती न ठेवता स्वतःचे राखीव खजिने उघडले. इम्पीरियल बँक १९२१ मध्ये आली तेव्हा ते बंद झाले, आणि १९३५ पासून सरकारची बँक म्हणजे रिझर्व्ह बँक असे चित्र स्थिर झाले.

या काळातला वाद आजच्या नेमका उलटा होता. तेव्हा तक्रार तुटीची नव्हती, शिलकीची होती. पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात उभे राहून विचारले होते, की दुष्काळाने लोक मेटाकुटीला आलेले असताना सरकारच्या पदरी शिल्लक पडते कशी? ती शिल्लक म्हणजे रयतेकडून घेतलेला जादा कर, हा त्यांचा मुद्दा. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर थोडा उतरला. ही भाषणे आपल्याकडे देशभक्तीच्या धड्यात येतात. खरे तर अर्थशास्त्राच्या तासालाही ती वाचून दाखवण्यासारखी आहेत.

आता मूळ विषय. ट्रेझरी बिले भारतात पहिल्या महायुद्धाच्या गरजेतून १९१७ मध्ये निघाली. ही झाली बाजारात विकायची, थोड्या मुदतीची उसनवारी. त्यांचाच दुसरा प्रकार १९३७ पासून आला : बाजारात न जाता थेट रिझर्व्ह बँकेच्या नावाने काढलेली बिले. त्यांना ‘अ‍ॅडहॉक’ म्हणत, मराठी पुस्तकांत ती ‘तदर्थ कोषागार विपत्रे’ म्हणून येतात. सुरुवातीला तो प्रसंगानुरूप उपाय होता. जानेवारी १९५५ मध्ये अर्थखाते आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली आणि त्या उपायाची सवय झाली.

ही व्यवस्था वर्गात आकड्यांसह मांडता येते. केंद्राने रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यात शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी ४ कोटी रुपये ठेवायचे. शिल्लक त्याखाली गेली, की तेवढ्या रकमेची ९१ दिवसांची अ‍ॅडहॉक बिले आपोआप तयार व्हायची, बँकेने ती घ्यायची आणि खात्यात पैसे जमा करायचे. कुणाची वेगळी मंजुरी लागत नव्हती, आणि बाजारात ग्राहक शोधावा लागत नव्हता. ९१ दिवस संपले की जुने बिल फिटायचे आणि त्याच्या जागी नवे उभे राहायचे. साचलेला ढीग फार वाढला की त्यातल्या काहींचे रूपांतर मुदतच नसलेल्या विशेष रोख्यांत व्हायचे. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात सरकारला उचल देण्याची सोय होतीच, पण ती तीन महिन्यांत परत करण्याच्या अटीवर. अ‍ॅडहॉकमुळे ती अट न मोडता निरर्थक झाली. इतकी मोठी गोष्ट संसदेच्या चर्चेतून आलेली नव्हती. दोन कचेऱ्यांमधली ती प्रशासकीय सोय होती.

ती करणारे लोक बेजबाबदार होते असे म्हणण्याची घाई मात्र नको. १९५५ मधले अर्थमंत्री त्याआधी याच बँकेचे गव्हर्नर होते (चिंतामणराव देशमुख) आणि पैशाच्या बाबतीत कडक म्हणून त्यांची ख्याती होती. त्या काळी करांचा पाया अरुंद होता, रोख्यांचा बाजार नावापुरता होता, आणि दुसरी पंचवार्षिक योजना दारात उभी होती. सार्वजनिक क्षेत्रासाठी ४,८०० कोटींच्या त्या योजनेत १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरणातून, म्हणजे मुख्यतः रिझर्व्ह बँकेकडून नवा पैसा घेऊन, उभे करायचे असे उघड लिहिलेले होते. म्हणजे चौथा हिस्सा. तेव्हाचे अनेक अर्थतज्ज्ञ याला विकासाची किंमत मानत होते आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही.

आक्षेप आहे तो पुढच्या प्रवासाला. जुलै १९७४ मध्ये या बिलांचा व्याजदर ४.६ टक्के ठरला आणि तो शेवटपर्यंत हलला नाही. त्या वर्षी महागाई पंचवीस टक्क्यांच्या घरात होती. नव्वदच्या दशकात सरकार बाजारात कर्जरोखे विकायला गेले की १२-१३ टक्के मोजावे लागत, आणि इकडे मात्र ४.६ टक्क्यांत हवे तेवढे मिळत होते. असा दरवाजा उघडा असताना खर्चाला हात कोण घालणार?

बँकेकडून सरकारच्या खात्यात गेलेला पैसा पगार, अनुदाने, ठेकेदारांची बिले यांतून लोकांच्या हाती येतो आणि पुन्हा बँकांत ठेव म्हणून जमा होतो. त्यावर बँका कर्जे देतात आणि पैसा आणखी वाढतो. तो आवरायचा तर रिझर्व्ह बँकेला बँकांचे हात बांधावे लागतात. तसे ते बांधलेही गेले : रोख राखीव प्रमाण (ठेवींचा रिझर्व्ह बँकेत ठेवायचा भाग) १९८९ मध्ये १५ टक्क्यांवर पोचले आणि वैधानिक रोखता प्रमाण (ठेवींचा मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायचा भाग) १९९० मध्ये ३८.५ टक्क्यांवर. दोन्ही मिळून शंभरातले साडेत्रेपन्न रुपये अडकले. उरलेल्या साडेसेहेचाळीसात शेतकरी, कारखानदार, घर बांधणारा, सगळे आले. सरकारला स्वस्तात मिळालेल्या पैशाची भरपाई ही अशी दुसऱ्यांच्या कर्जातून होत होती. ‘महागाई वाढते’ या दोन शब्दांत हे सगळे दडलेले आहे आणि ते उलगडून सांगितल्याशिवाय मुलांना पटत नाही.

राज्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. राज्यांना अ‍ॅडहॉकची सोय कधीच नव्हती. त्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत उचल, त्यावर ओव्हरड्राफ्ट, आणि १९८५ पासून असा नियम की ओव्हरड्राफ्ट सलग सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहिला तर रिझर्व्ह बँक त्या राज्याची देणी थांबवणार. पुढे हे दिवस वाढत गेले, पण तत्त्व तेच. एकाच बँकेत दोन खातेदार : एकाचा चेक अडवता येतो, दुसऱ्याचा अडवायची सोयच नाही. केंद्र-राज्य संबंधांच्या प्रकरणात राज्यपाल आणि कलम ३५६ यांना पानेच्या पाने मिळतात, या फरकाला एक परिच्छेदही मिळत नाही, याचे आश्चर्य वाटते.

एका समितीने १९८५ मध्येच या व्यवस्थेवर बोट ठेवले होते. तरी कृती व्हायला १९९१ चे परकीय चलनाचे संकट यावे लागले. सप्टेंबर १९९४ मध्ये अर्थखाते आणि रिझर्व्ह बँक यांच्यात लेखी करार झाला. त्या वर्षासाठी अ‍ॅडहॉकची निव्वळ वाढ वर्षअखेरीस ६,००० कोटींपेक्षा जास्त नसावी, मधल्या काळात ९,००० कोटींवर सलग दहा कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, आणि तीन वर्षांत ही बिले पूर्ण बंद व्हावीत. योगायोग असा की तेव्हाचे अर्थमंत्रीही माजी गव्हर्नरच होते. १ एप्रिल १९९७ पासून अ‍ॅडहॉक बंद झाली. शिल्लक बिले ४.६ टक्क्यांच्याच विशेष रोख्यांत बदलली गेली, आणि केंद्रालाही राज्यांसारखी मर्यादित उचल मिळू लागली. तिचे सरकारी नाव ‘अर्थोपाय अग्रिम’. पहिल्या वर्षी तिची मर्यादा पूर्वार्धात १२,००० कोटी आणि उत्तरार्धात ८,००० कोटी होती. १९९९ पासून केंद्राच्या ओव्हरड्राफ्टलाही दहा दिवसांची अट लागली.

याचा एक उपपरिणाम थेट परीक्षेत पोचला. ‘अर्थसंकल्पीय तूट’ (बाजारातले कर्ज धरूनही खर्चाला कमी पडणारी रक्कम) ही जुनी संज्ञा या अ‍ॅडहॉकवरच उभी होती. ती बंद झाल्यावर १९९७-९८ पासून ही तूट दाखवणेही बंद झाले आणि राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज सोडून येणाऱ्या जमेपेक्षा जास्त झालेला खर्च, हे मुख्य माप झाले. पण गाइडांमध्ये तुटीचे प्रकार देताना अर्थसंकल्पीय तूट अजून पहिल्या क्रमांकावर दिसते, बहुतेक वेळा ती आता दाखवली जात नाही एवढेही न सांगता. मुले ती पाठ करतात आणि मग अर्थसंकल्पाच्या कागदांत शोधत बसतात.

हा निर्णय सगळ्यांना मान्य होता असे नाही. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने पैशासाठी रोखेबाजाराच्या तोंडाकडे का बघायचे, हा डावीकडून येणारा आक्षेप जुना आहे आणि दर मंदीत तो वर येतो. २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्याने एप्रिल २००६ पासून सरकारचे नवे रोखे थेट विकत घ्यायला रिझर्व्ह बँकेला मनाई केली, काही अपवाद ठेवून. २०२० मध्ये कोरोनाने महसूल आटला तेव्हा हा अपवाद वापरा, अशी मागणी मोठमोठ्या लोकांनी केली. सरकारने तो वापरला नाही. मात्र उचलीची सहामाही मर्यादा एप्रिलमध्ये २ लाख कोटींपर्यंत नेली. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने दुय्यम बाजारातून (म्हणजे सरकारकडून नव्हे, तर ज्यांच्याकडे रोखे आधीच आहेत त्यांच्याकडून) पहिल्या तिमाहीत १ लाख कोटींचे सरकारी रोखे घेण्याचे आधीच जाहीर केले, तेव्हा ‘हा मागचा दरवाजाच की’ असे टीकाकार म्हणाले. आडून असला तरी हा दरवाजा बाजाराच्या भावाने उघडतो, हा फरक त्यांनी फारसा लक्षात घेतला नाही. रिझर्व्ह बँकेच्या वाढाव्याचा, म्हणजे खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नाचा, वाद तर अजून ताजा आहे : २०१९ मध्ये १.७६ लाख कोटी, २०२५ मध्ये २.६९ लाख कोटी रुपये सरकारकडे गेले. दोन संस्थांमधली ओढाताणही नवी नाही. १९५७ च्या जानेवारीत एका गव्हर्नरने अर्थमंत्र्यांशी न पटल्याने पद सोडले होते.

मधल्या काळात वर्गात जास्त चर्चा झाली ती दिसणाऱ्या बदलांची : १९९९ मध्ये भाषणाची वेळ संध्याकाळी पाचवरून सकाळी अकरावर आली, २०१७ मध्ये तारीख १ फेब्रुवारी झाली आणि रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प संपला. प्रश्नपत्रिकेसाठी ठीक आहे. खात्याच्या रोजच्या कामाशी जास्त संबंध आहे तो १९७६ च्या बदलाचा. त्या वर्षी केंद्राचे हिशेब ठेवण्याचे काम लेखापरीक्षकांकडून काढून खात्यांकडे दिले गेले. राज्यांत मात्र ते अजून महालेखापालांकडे आहे, आपल्याकडे मुंबई आणि नागपूर अशा दोन कार्यालयांत. जिल्हा कोषागारात सहल नेली तर मुलांना नोटांच्या थप्प्या दिसणार नाहीत. दिसतील ती बिले तपासणारी टेबले, आणि नोव्हेंबर असेल तर हयातीच्या दाखल्यासाठी आलेले निवृत्त लोक. पैसे बँकेतून जातात. केंद्राचे मुख्य खाते ज्या विभागात सांभाळले जाते तो रिझर्व्ह बँकेचा विभाग नागपूरला आहे, हे विदर्भातल्या शिक्षकांनाही अनेकदा माहीत नसते.

या सगळ्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी साप्ताहिक आकडेवारी प्रसिद्ध करते. त्यात केंद्राला आणि राज्यांना दिलेल्या उचलीच्या वेगळ्या ओळी असतात. केंद्राचा मासिक हिशेबही पुढच्या महिन्याच्या अखेरीस खुला होतो. आठ-दहा आठवडे त्या दोन ओळी वहीत उतरवायला लावल्या, की आगाऊ कराचे हप्ते भरले जातात त्या जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पंधरवड्यांत केंद्राची ओळ का हलते, हे विद्यार्थी आपणहून विचारू लागतात.